शास्त्रज्ञांचीं दप्तरें : कोसंबींच्या निवडक गणितलेखांच्या निमित्तानें

राजूर (तालुका अकोलें, जिल्हा अहिल्यानगर, पूर्वींचा अहमदनगर) येथें एका घरीं मोडी कागदांचें दप्तर आहे असें कळल्यावरून दोन वर्षांपूर्वीं आम्ही तेथें गेलों होतों. प्रवरेच्या वरच्या खोऱ्यांतील ह्या गांवाचें महत्त्व आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. रतनगड व हरिश्चंद्रगड हे दोन किल्ले, महादेव कोळ्यांच्या नाइकांचीं वतनें, आणि ज्याची अखेर २ मे १८४८ रोजीं ठाण्याच्या तुरुंगांतील फांशीनें झाली तो राघोजी भांगरे यांचा उठाव, ह्यांचे अस्सल कागद ह्या मुलुखांत कोठें तरी निघतील ही आशा प्रत्येक संशोधकास असते. दप्तर निघालें, परंतु वाळवीनें त्याचा भुगा केला होता. धड वाचतां येतील असे अकरा बंद हातीं आले, आणि तेहि साध्या सारावसुलीचे.

त्याच माळ्यावर एक पत्र्याची पेटी होती. तींत घरधन्याच्या वडिलांच्या वह्या होत्या. ते शाळेंत शास्त्र शिकवीत असत. रोज सकाळीं मोजलेला पाऊस, कारवीला फुलोरा आला तीं सालें, ओढे केव्हां आटले, वरईची पेरणी व कापणी, आणि मधून मधून एखादें वाळलेलें पान चिकटवून त्याखालीं लिहिलेलें गांवचें नांव, असा मजकूर वीस-बावीस वह्यांत होता. आम्हीं त्या चाळून पाहिल्या आणि पेटीचें झांकण लावलें. "हें आमच्या कामाचें नाहीं," असें आम्ही बोललों. घरधन्यानें विचारलें, "मग बाबांचे हे कागद कोणाच्या कामाचे, साहेब?" त्यास काय उत्तर द्यावें तें आम्हांस सुचलें नाहीं. पुढें दिवाळीनंतर पुन्हां जाणें झालें, तेव्हां पेटींत वरई भरलेली होती. वह्या रद्दींत वजनावर गेल्या होत्या. एक तेवढी वांचली होती, कारण तिच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर घरांतील मुलीनें शाळेचीं उदाहरणें सोडविलीं होतीं.

हा दोष रद्दीवाल्याचा नव्हे, घरच्यांचाहि नव्हे, आमचा आहे. सारावसुलीचे अकरा बंद आम्हीं रुमालांत बांधून आणले आणि तीसएक वर्षांचा पाऊस तेथेंच सोडून आलों. हें शल्य मनांत असतांना प्रा. रामकृष्ण रामस्वामी यांनीं संपादिलेला 'डी. डी. कोसंबी : सिलेक्टेड वर्क्स इन मॅथेमॅटिक्स अँड स्टॅटिस्टिक्स' (स्प्रिंगर, २०१६) हा ग्रंथ आम्हीं पुन्हां हातीं घेतला. त्याचें गणितदृष्ट्या परीक्षण करण्याचा आमचा अधिकार नाहीं. परंतु ग्रंथ कोणत्या साधनांवर उभा आहे व कोणतीं साधनें नष्ट झाल्यामुळें अपुरा राहिला आहे, हें पाहणें तर आमच्याच धंद्याचें काम आहे.

दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) हें नांव आमच्या वाचकांस दोन वाटांनीं ओळखीचें आहे. भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्ति काढणारे ते हेच, आणि आहत नाण्यांचीं वजनें करून त्यांचा काळ ठरविणारेहि हेच. त्यांचा पोटाचा धंदा मात्र गणिताचा होता. हार्वर्डहून १९२९ सालीं पदवी घेऊन ते परत आले, काशी व अलीगढ येथें शिकविलें, १९३३ पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांत राहिले, आणि १९४५ पासून १९६२ पर्यंत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत होते. त्यांचे गणितलेख निरनिराळ्या देशांतील नियतकालिकांत विखुरले होते आणि ते सर्वच इंग्रजींत नव्हते. एका मनुष्याचे इतके लेख एके ठिकाणीं मिळविणें म्हणजे काय कष्ट आहेत, हें ज्यानें एखाद्या घराण्याचीं पत्रें चार गांवांहून गोळा केलीं असतील त्यास विचारावें. हें काम रामस्वामींनीं केलें, व प्रामाणिकपणें केलें. १९५९ सालीं भारतीय कृषिसंख्याशास्त्र संस्थेच्या नियतकालिकांत कोसंबींनीं रीमानच्या गृहीतकासंबंधीं जी सिद्धता मांडली ती सदोष होती आणि तिनें त्यांच्या लौकिकास मोठा धक्का बसला. संपादकानें ही गोष्ट झांकून ठेविलेली नाहीं. 'एस. ड्यूक्रे' ह्या टोपणनांवानें १९६० नंतर छापलेले लेख कोसंबींचेच, हेंहि स्पष्ट सांगितलें आहे. आमच्याकडील चरित्रग्रंथांत नायकाच्या चुका गाळण्याची जी खोड आहे, ती येथें नाहीं.

परंतु हा ग्रंथ छापील लेखांचा आहे. आणि छापील लेख हा शास्त्रज्ञाच्या कामाचा शेवटचा कागद असतो. आमच्या भाषेंत बोलावयाचें तर ती नक्कल होय, अस्सल नव्हे. ज्या कच्च्या खर्ड्यांतून, पत्रांतून, फसलेल्या हिशेबांतून तो लेख निघाला तें अस्सल. छापील लेखावर किती भरंवसा ठेवावा ह्याचा दाखला ह्याच ग्रंथनायकाच्या चरित्रांत आहे. १९३१ सालीं अलाहाबाद येथील विज्ञानपरिषदेच्या पत्रिकेंत कोसंबींनीं 'बुर्बाकीच्या दुसऱ्या सिद्धांता'संबंधीं एक टिपण प्रसिद्ध केलें, आणि हा बुर्बाकी क्रांतीच्या काळांत मेलेला एक रशियन गणिती असल्याची थाप दिली. असा कोणी गणिती नव्हता. अलीगढचे त्यांचे सहकारी आंद्रे वेय यांच्या सांगण्यावरून केलेली ती थट्टा होती. ही गोष्ट आज उघड आहे ती मुख्यतः वेय यांनीं आपल्या आठवणींत लिहून ठेविली म्हणून. तीच चार-पांच फ्रेंच तरुणांची थट्टा पुढें 'निकोला बुर्बाकी' ह्या सामुदायिक नांवानें गणितांत मोठें पीठ होऊन बसली, आणि छापील शास्त्रीय वाङ्मयांत त्या नांवाचा पहिला उल्लेख ह्या हिंदुस्थानी पत्रिकेंतला ठरला. बनावट सनद कशी ओळखावी हें आम्ही शाईवरून, शिक्क्यावरून व मायन्यावरून सांगतों. येथें शाई नाहीं, शिक्का नाहीं. खाजगी साक्ष नसती तर पुढच्या चरित्रकारानें त्या रशियन गणित्याचा शोध घेण्यांत वर्ष घालविलें असतें.

आतां नाण्यांकडे वळूं. कारण येथें आमच्या वाचकांचा प्रत्यक्ष संबंध येतो. कोसंबींचा विचार थोडक्यांत असा कीं नाणें चलनांत फिरतें तशी त्याची धातू झिजते, म्हणून एकाच वजनानें पाडलेल्या नाण्यांचें सरासरी वजन काळाबरोबर घटतें व वजनांतील परस्पर अंतर वाढत जातें. आहत नाण्यांच्या मागील बाजूस जीं बारीक ठशांचीं चिन्हें असतात तीं जितकीं अधिक, तितकें वजन कमी. म्हणजे तीं चिन्हें वेळोवेळीं केलेल्या तपासणीचीं होत. तक्षशिलेच्या भीर टेकाडावरील संचयांवर त्यांनीं ही रीत चालविली, १९४० व १९४१ सालीं 'करंट सायन्स' व 'न्यू इंडियन अँटिक्वेरी' ह्यांत मांडली, आणि १९४२ सालीं चालू चलनांतील नाणीं तोलून झिजेचा नियम पडताळून पाहिला. नाणें कोणत्या राजाचें हें चिन्हांवरून अंदाजणाऱ्यांस ही रीत प्रथम रुचली नाहीं. पुढें तिच्या निष्कर्षांवर आक्षेपहि आले. असो. मुद्दा निराळा आहे. छापील लेखांत सरासऱ्या येतात, कोष्टकें येतात. परंतु कोणतें नाणें केव्हां तोललें, तराजू कोणता, कोणतें नाणें घासून स्वच्छ केलें व कोणतें गंजासकट घेतलें, कोणतें तुटकें म्हणून वगळलें, हें तोलणाराच्या वहींतच असावयाचें. वाद निकालांत निघावयाचा असेल तर ती वहीच पुढें यावी लागते. आमच्यांतील जे नाणेंसंग्राहक आहेत त्यांनीं स्वतःच्या टिपणवह्यांकडे ह्या दृष्टीनें एकदां पाहावें. नाणीं संग्रहालयांत जातात, वह्या चुलींत.

ग्रंथांतील सर्वांत दुःखाचा भाग संपादकाच्या हातचा नव्हता. कोसंबींचे गणितावरील दोन संपूर्ण ग्रंथ नाहींसे झाले आहेत. एक 'पाथ जॉमेट्री', जो १९४० नंतरच्या दशकांत लिहून झाला होता. दुसरा मूळ संख्यांवरील, जो त्यांनीं २९ जून १९६६ रोजीं पुण्यास झालेल्या मृत्यूपूर्वीं थोड्याच दिवसांत छापण्यासाठीं रवाना केला होता. दोन्हींचीं हस्तलिखितें आज उपलब्ध नाहींत. ज्या मनुष्यानें भर्तृहरीच्या नांवावरील सुभाषितांचा निवाडा करण्यासाठीं देशभरांतील शेकडो पोथ्या ताडून पाहिल्या, त्यांच्या उत्तरेकडील व दक्षिणेकडील परंपरा वेगळ्या काढल्या, आणि सुमारे २०० श्लोकच काय ते निःसंशय असें १९४८ सालीं दाखवून दिलें, त्याच्या स्वतःच्या दोन ग्रंथांची एकहि प्रत कोणाच्या घरीं, कोणाच्या कचेरींत राहूं नये! भर्तृहरीच्या पोथ्या ज्या लेखकूंनीं उतरून ठेविल्या त्यांस श्लोकांचा अर्थहि पुष्कळदां कळत नव्हता, हें त्यांच्या अशुद्ध प्रतींवरूनच दिसतें. तरी त्यांनीं त्या राखल्या.

दुसरा एक प्रकार ह्याच संस्थेच्या इतिहासांतला आहे, आणि तो आशादायक आहे. मद्रास विद्यापीठानें श्रीनिवास रामानुजन यांच्या वह्या जपल्या होत्या. त्यांची छायामुद्रित प्रतिकृति टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें १९५७ सालीं दोन खंडांत काढली. म्हणजे कोसंबी तेथें असतांनाच. कोणतेंहि संपादन नाहीं, टीपा नाहींत, नुसतीं पानें जशीच्या तशीं. विद्वानांस हें अपुरें वाटलें असेल. परंतु त्या प्रतिकृतीमुळेंच वह्या जगभर पोहोंचल्या, आणि ब्रूस बर्न्ट यांनीं १९८५ ते १९९८ ह्या काळांत त्यांचें पांच भागांत सटीक संपादन पुरें केलें. रामानुजन यांचे उरलेले सुटे कागद १९२३ सालीं मद्रासहून हार्डींकडे गेले होते. ते पुढें गणिती वॉटसन यांच्या घरीं राहिले, आणि वॉटसन १९६५ सालीं वारल्यावर त्यांच्या अभ्यासिकेंतील जमिनीवर पसरलेल्या कागदांच्या ढिगांत, जाळून टाकावयाच्या बेतांत, सांपडले. ते तेथून केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजांत पोंचते झाले व १९७६ सालीं जॉर्ज अँड्र्यूज यांच्या दृष्टीस पडले. आज ज्यास 'हरवलेली वही' म्हणतात ती हीच. इंग्रज लोक कागद फार जपतात असा आमच्याकडे समज आहे. त्यांनींहि ते चार दिवसांच्या अंतरानें वांचविले.

जपण्याच्या नांवाखालीं नाश कसा होतो ह्याचेंहि उदाहरण तेथलेंच. न्यूटनचे कागद पोर्ट्समथच्या घराण्यांत होते. १८७२ सालीं ते केंब्रिज विद्यापीठाकडे आले. विद्वानांच्या समितीनें सोळा वर्षें घालवून १८८८ सालीं यादी छापली, 'शास्त्रीय' कागद ठेवून घेतले, आणि किमया व धर्म ह्या विषयांवरील कागद निरुपयोगी म्हणून घराण्यास परत केले. १९३६ च्या जुलैमध्यें लंडनला त्यांचा ३२९ गठ्ठ्यांत लिलाव झाला व एकंदर नऊ हजार पौंडांच्या आसपास रक्कम आली. अर्थशास्त्री केन्स यांनीं पुष्कळ गठ्ठे पुन्हां विकत घेऊन जमविले आणि १९४६ सालीं मृत्युपत्रानें किंग्ज कॉलेजास दिले. बाकीचे देशोदेशीं गेले. आज न्यूटनवर लिहिणारास हेच टाकलेले कागद सर्वांत अधिक लागतात.

हें वाचून आम्हीं हंसूं नये. पेशवे दप्तरांतून गो. स. सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ ह्या अल्प काळांत ४५ भाग काढले तें काम अचाट होतें, त्यावांचून आमची एक पिढी आंधळी राहिली असती. तरी निवडलेला कागद त्याच्या रुमालांतून सुटला कीं त्याचे शेजारी कोण होते हें विसरलें जातें, ही तक्रार आमच्या सभांतून कितीदां तरी झाली आहे. शास्त्रज्ञाच्या दप्तरास हा नियम अधिकच लागू आहे. त्याच्या मेजावर वाणसामानाच्या यादीखालीं समीकरण असतें, आणि आगगाडीच्या तिकिटाच्या मागें एखादा आंकडा. कोसंबी वर्षानुवर्षें पुण्याहून डेक्कन क्वीननें मुंबईस जात येत. त्या प्रवासांतील कागद 'खाजगी' कीं 'शास्त्रीय', हें कोण ठरविणार? कागद ज्या क्रमानें सांपडले त्या क्रमानें राहूं द्यावे, टांचण्या काढाव्या, कारण त्या गंजून कागद खातात, कापडी फितींनीं बांधावे, आणि यादी करावी. निवड करूं नये. निवडीचा अधिकार शंभर वर्षांनंतरच्या वाचकाचा आहे.

आतां विद्यापीठांविषयीं. कोसंबींचा ग्रंथसंग्रह दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या ग्रंथालयांत गेला, ही समाधानाची गोष्ट आहे. पुस्तक घेण्यास विद्यापीठें नेहमीं तयार असतात, कारण पुस्तकास लेखक असतो, वर्ष असतें, पाठीवर नांव असतें, तें फळीवर उभें राहतें. सुटा कागद उभा राहत नाहीं. त्यास दाखल करण्याचें सदर नोंदवहींत नसतें. प्राध्यापक निवृत्त झाला कीं त्याची खोली आठ दिवसांत रिकामी करून मागतात. छापलेले लेख ग्रंथालयांत आहेतच, मग बाकीचें काय करावयाचें, हा विचार. वारसांनाहि संकोच असतो. पत्रांत कोणाची निंदा असते, घरचें दुखणेंखुपणें असतें. ह्यावर उपाय जुना आहे. देणाऱ्यानें सांगितलेल्या मुदतीपर्यंत ते कागद मोहोर करून ठेवावे. पेटी बंद राहिली तरी चालते, ती असावी लागते.

हें आपल्या देशांत होतच नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत अभिलेखागार आहे. होमी भाभा व ती संस्था ह्यांविषयीं इंदिरा चौधरी यांनीं २०१६ सालीं प्रसिद्ध केलेला ग्रंथ अशा कागदांच्या व तोंडी आठवणींच्या आधारावरच उभा राहूं शकला. बंगळूर येथें राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रानें २०१९ पासून शास्त्रज्ञांच्या कागदांसाठीं अभिलेखागार खुलें केलें आहे. पण ह्या दोन्ही संशोधनसंस्था आहेत. ज्या विद्यापीठांत व महाविद्यालयांत महाराष्ट्रांतील बहुसंख्य शास्त्रज्ञांनीं आयुष्यें घालविलीं तेथें हा विचार अद्याप रुजलेला नाहीं. ऑक्सफर्ड येथें मार्गारेट गोविंग यांनीं १९७३ सालीं जी व्यवस्था केली ती आम्हांस फार विचारणीय वाटते. त्यांनीं कोठार बांधलें नाहीं. एक लहानसें केंद्र काढलें; दिवंगत शास्त्रज्ञांचे कागद तेथें आणावयाचे, लावावयाचे, सूची करावयाची, आणि मग योग्य त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयास द्यावयाचे. सूचीसकट आलेले कागद नाकारणें ग्रंथपालास जड जातें. सूची करण्याची ही विद्या महाराष्ट्रांत कोणास येत असेल तर आमच्यासारख्या मंडळांस येते. राजवाड्यांच्या वेळेपासून आम्ही दुसरें काय करीत आलों? तिचा उपयोग १८१८ च्या पुढें होत नाहीं असा नियम कोणीं केलेला नाहीं.

एक आक्षेप आम्ही गृहीत धरतों. कोसंबी मोठे होते, रामानुजन त्याहून मोठे. राजूरच्या एका शिक्षकाचा पाऊस त्यांच्या पंक्तीस कसा बसावा? ह्याचें उत्तर त्याच मुलुखाच्या वाङ्मयांत आहे. ह्या डोंगरांतील महादेव कोळ्यांचें पहिलें मोठें वर्णन कॅप्टन मॅकिंटॉश यांनीं १८३० नंतरच्या दशकांत लिहिलें; आणि मुंबई विद्यापीठांतील समाजशास्त्राचे आचार्य गो. स. घुर्ये यांनीं 'द महादेव कोळीज' हा ग्रंथ १९५७ सालीं प्रसिद्ध केला. दोन्ही ग्रंथ आम्हीं राजूरास जातांना बरोबर नेले होते. दोन्हींत सिद्ध झालेलीं विधानें आहेत. परंतु तीं कोणत्या पाड्यावर, कोणाच्या तोंडून, कोणत्या दुष्काळाच्या वा सुगीच्या वर्षीं मिळालीं हें छापील पानांत उतरत नाहीं. पावसाच्या वह्या असत्या तर निदान वर्ष कसें होतें तें कळलें असतें. कळसूबाई आणि रतनगड ह्यांच्या कुशींतल्या ह्या खोऱ्याचें पाणी भंडारदऱ्याच्या धरणानें १९२६ पासून अडविलें आहे. धरणाच्या पाण्याची नोंद सरकारदरबारीं राहते. वरई केव्हां पेरली ह्याची राहत नाहीं. मोठ्या शास्त्रज्ञाचे कागद राखावे ते त्याची बुद्धि कशी चालली हें कळण्यासाठीं. लहानाचे राखावे ते त्यानें पाहिलेलें दुसऱ्या कोणींच पाहिलेलें नसतें म्हणून.

वांचलेली वही आम्हीं घरधन्याच्या अनुमतीनें आणिली. ती एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे द्यावी म्हणून पाहिलें. तेथील कारकुनानें सौजन्यानें छापील नमुना पुढें केला. त्यांत लेखक, प्रकाशक, आवृत्ति व किंमत अशीं सदरें होतीं. पहिलें आम्हीं भरलें, पुढचीं तीन भरतां आलीं नाहींत, व वही घेऊन परत आलों. तूर्त ती मंडळाच्या कपाटांत राजूरच्या अकरा बंदांच्या रुमालाशेजारीं ठेविली आहे. पानें ९६, पैकीं ८१ पावसाचीं व पिकांचीं, चिकटविलेलीं पानें सात, शाई निळी, पहिला बंद पाण्यानें डागळलेला. शेवटच्या पंधरा पानांवरील मुलीचीं उदाहरणेंहि सूचींत नोंदविलीं आहेत.